चरबी आहे, तरी उपाशी

जूनचा पाऊस लागला की रत्नागिरीत वीज जाणार, हे धरूनच आम्ही कामं आखतो. पण त्या दिवशी वीज पहाटेच गेली होती आणि जनरेटरही सुरू होईना. मी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा उणे ८० अंशांचा फ्रीझर उणे ५२ वर आला होता. आत अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रातली सिल्व्हरफिश नावाच्या माशाची पिल्लं होती, बोटाएवढी, जहाजावर जाळ्यातून काढल्या काढल्या गोठवलेली. ती वितळली असती तर पुन्हा मिळण्याची आशाच नव्हती.

"मॅडम, फॅक्टरीतून बर्फाच्या लाद्या आणू काय?" आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी विचारलं. "मासेमारी बंदीचे दिवस आहेत, पण एखादी चालू असंल."

बांगडा टिकवायला तो बर्फ पुरतो, कारण बांगडा खायचा असतो. आम्हाला मोजायचं होतं आरएनए. पेशीतलं डीएनए जवळपास ठरलेलं असतं. आरएनए मात्र माशाला खायला मिळून अंगात प्रथिनं तयार होत असली की वाढतं, आणि उपासमार झाली की काही दिवसांत घटतं. म्हणून दोघांचं गुणोत्तर काढलं की पिल्लू अलीकडे पोटभर जेवत होतं की नाही ते कळतं. पण मासा वितळला की त्याच्याच अंगातली विकरं आरएनएचे तुकडे पाडायला लागतात. शून्य अंशाचा बर्फ तिथे काय करणार?

तेव्हा पशुवैद्यकीय दवाखाना आठवला. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, उणे १९६ अंशांवर. फोन केला. डॉक्टर म्हणाले, "एक कॅन नुकताच भरून आलाय, घेऊन जा. पण झाकण घट्ट दाबू नका हो." आतला नायट्रोजन सतत वायू होऊन बाहेर पडत असतो. त्याला वाट मिळाली नाही तर कॅन फुटू शकतो, आणि बंद जागेत तो साठला तर माणूस गुदमरतो. म्हणून रिक्षाचे दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळून आम्ही भर पावसात निघालो. मामांनी कॅन दोन्ही गुडघ्यांत उभा धरला होता. रिक्षावाल्याने एकदाच मागे वळून त्या धुराकडे पाहिलं आणि गाडी हळू केली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पिल्लांच्या कुप्या भराभर कॅनच्या लांब दांड्याच्या डब्यांत भरल्या आणि आत सोडल्या. तोवर फ्रीझर उणे ४१ वर होता.

वीज आल्यावर पहिली तपासणी केली ती आरएनए शाबूत आहे का याची. आरएनएचे लहान-मोठे रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या थरावर दोन स्वच्छ पट्टे उमटले, वरचा खालच्यापेक्षा ठळक. तुकडे झाले असते तर नुसता खाली ओघळलेला धूसर डाग दिसला असता. मी खुर्चीत बसले ती मग बराच वेळ उठलेच नाही.

पुढच्या दिवसांत जे निघालं त्याने मी अस्वस्थ झाले. दोन वेगवेगळ्या खेपांतली पिल्लं, लांबी सारखी, चरबीचं प्रमाणही जवळजवळ सारखं. एका खेपेच्या पोटांत कोपेपॉड या कोळंबीच्या जातकुळीतल्या बारीक जिवांचे तुकडे, पाय, तांबूस लगदा. दुसऱ्या खेपेची पोटं रिकामी. रिकाम्या पोटाचं एवढं मनावर घ्यायचं कारण नाही, ते काही तासांचंच सांगतं. पण त्याच खेपेचं आरएनएही स्पष्टपणे कमी होतं.

मामा म्हणाले, "तारली पोट दाबून कळते. ही पण भरलेलीच दिसत्येत की."

तारलीच्या बाबतीत ते बरोबर आहेत. सिल्व्हरफिशची गोष्ट वेगळी. तिला वाताशय, म्हणजे पुष्कळ माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी, नसतो. पाण्यात तरंगत राहायला ती अंगातल्या चरबीच्या पिशव्यांवर अवलंबून असते. म्हणजे ती चरबी नुसती अडीअडचणीची शिल्लक नाही, ती मोडली तर मासा बुडायला लागेल. चरबी दिसली म्हणून पिल्लू खाऊनपिऊन सुखी आहे, असं म्हणताच येत नाही. आणि तिथला हिवाळा म्हणजे सूर्य मावळलेला, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, विरळ. त्यात शिरताना ही पिल्लं कुठल्या अवस्थेत आहेत यावर पुढे पेंग्विन आणि सील यांचंही पोट अवलंबून असतं.

आपल्या किनाऱ्यावरच्या माशांसाठी वापरतो ती आरएनएची मोजपट्टी तिथे लावली तर उत्तर आणखी चुकतं. उणे दोनच्या आसपासच्या पाण्यात तेवढ्याच वाढीसाठी माशाला जास्त आरएनए लागतं. इथे समाधानकारक वाटणारा आकडा तिथे उपासमारीचा असू शकतो. म्हणून दोन्ही खेपांची तुलना मी फक्त एकमेकींशी केली.

अहवालात चरबी, पोटातलं खाद्य आणि आरएनए, तिन्ही शेजारी-शेजारी लिहिलं. नुसता चरबीचा आकडा कुणी मागितला तर तो एकटा मी देत नाही.