स्टेपनी, रन-फ्लॅट की नुसता फोन?

रन-फ्लॅट म्हणजे कधी पंक्चरच न होणारा टायर, असं समजणारे लोक मला अजूनही भेटतात, आणि गाडी विकणारा माणूसही तो गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नाही. खिळा त्यालाही तसाच घुसतो, हवा त्याचीही तशीच जाते. फरक पडतो तो हवा गेल्यानंतर.

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन खरं तर टायर पेलत नाही, आतली हवा पेलते. ती गेली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सापडून चिरडली जाते आणि तसेच थोडे पुढे गेलात तरी आतलं रबर खरवडून निघतं, मग एरवी सहज निघालं असतं असं पंक्चरही निघत नाही, टायरच फेकावा लागतो. रन-फ्लॅटच्या साइडवॉलमध्ये जाड, ताठ आणि उष्णता सहन करणारं रबर भरलेलं असतं, त्यामुळे हवा नसली तरी ती भिंत गाडीला काही काळ उचलून धरते. किती काळ? बहुतेक कंपन्या सांगतात तो आकडा म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर. पण हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, गाडीत पाच माणसं आणि डिकी फुल्ल असेल, रस्ता तापलेला असेल, तर तो खाली येतो, कारण बिनहवेच्या टायरची साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकली की तापते आणि शेवटी ती उष्णताच टायरला संपवते. त्यामुळे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते एकदा वाचाच, टायरवाल्याच्या जाहिरातीतला आकडा धरून बसू नका.

तुमच्या गाडीला रन-फ्लॅट आहेत की नाहीत हे साइडवॉलवरच कळतं. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशेलिनवर झेडपी, कॉन्टिनेन्टलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ अशी अक्षरं असतात. प्रत्येकाची वेगळी! सगळ्यांनी मिळून एकच खूण ठरवली असती तर काय बिघडलं असतं कोण जाणे.

कल्पना तशी जुनी आहे. डनलॉपने १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचा प्रकार आणला होता, ८० च्या दशकात पोर्शे ९५९ ला असे टायर होते, १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमधून तर स्टेपनीच काढून टाकली आणि नंतर बीएमडब्ल्यूने हे टायर सर्रास बसवायला सुरुवात केली. पण यातला मला सगळ्यात शिकवणारा किस्सा मिशेलिनच्या पॅक्सचा वाटतो. त्यात साइडवॉल जाड करण्याऐवजी रिमवर आतून एक सपोर्ट रिंग बसवलेली असायची, हवा गेली की टायर त्या रिंगवर टेकायचा, आणि हा प्रकार बिनहवेचा जवळपास २०० किलोमीटर जायचा, म्हणजे आजच्या रन-फ्लॅटच्या दुपटीपेक्षा जास्त. होंडा ओडिसीच्या काही मॉडेल्सना तो यायचा. तरीही तो बुडाला, कारण त्याला रिम वेगळी, टायर वेगळा, उघडायचं मशीन वेगळं आणि ते मशीन असलेली दुकानं मोजकी. टायर बदलायची वेळ आली की लोक वैतागायचे. टायर किती लांब जातो याला किंमत आहेच, पण जिथे जाऊन पोचतो तिथे तो बदलून मिळतो का, याला जास्त किंमत आहे.

आमच्या दाजींच्या गाडीला रन-फ्लॅट आहेत. त्यांचं म्हणणं असं की, "अरे, ८० किलोमीटर चालतो म्हणे, अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, "दाजी, चालतो हो, पण ८० किलोमीटरच्या आत तो साइझ ठेवणारं दुकान पाहिजे ना, आणि ते उघडं पण पाहिजे." यावर ते हसले, ताई मात्र हसली नाही, कारण नंतर सुट्टीच्या दिवशी टायर गेला तेव्हा दुकानवाल्याने ऑर्डर करून देतो म्हणून सांगितलं आणि गाडी तिथेच ठेवून यावं लागलं. गाडी सुखरूप दुकानापर्यंत आली हे खरं, आणि तिथे अडकली हेही खरं.

आता रन-फ्लॅटच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. त्याचा खरा फायदा ते ८० किलोमीटर नाहीच, खरा फायदा आहे पहिल्या काही मिनिटांचा. हायवेवर वेगात असताना टायरची हवा एकदम गेली तर साधा टायर रिमवर लोळायला लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते, रन-फ्लॅटमध्ये स्टेअरिंग बऱ्यापैकी हातात राहतं. पूल, बोगदा, अंधारा वळणाचा रस्ता, धो धो पाऊस, बाजूला थांबायला वीतभर जागा नाही, अशा ठिकाणी जॅक काढून बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, तिथून हळूहळू पुढे निघून पेट्रोल पंपावर किंवा निदान उजेडात जाऊन थांबता येतं. ज्यांना चाक बदलणं शरीराने झेपणार नाही किंवा जे रात्री एकटे गाडी चालवतात त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिथे मी वाद घालणार नाही.

पण याच्यासोबत टायरमधलं प्रेशर सांगणारी सिस्टिम हवीच, टीपीएमएस म्हणतात ती. रन-फ्लॅट हवा गेल्यावरही इतका ताठ उभा राहतो की बघून कळत नाही आणि चालवतानाही लगेच लक्षात येत नाही, मग डॅशबोर्डवरचा दिवा लागला नाही तर तुम्ही १२० ने जात राहणार आणि टायर आतून जळत राहणार. अमेरिकेत २००७ पासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या गाड्यांना ही सिस्टिम सक्तीची आहे. हिच्यातही दोन प्रकार. एकात प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो खरं प्रेशर मोजतो, दुसऱ्यात एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमचे, सेन्सर चाकं किती वेगाने फिरतायत ते बघून अंदाज बांधतात, म्हणजे एका चाकाची हवा कमी झाली की ते थोडं लहान होतं आणि जास्त फेरे मारतं, त्यावरून पकडायचं. या दुसऱ्या प्रकारात चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर दिवा लागायला उशीर होऊ शकतो, आणि हवा भरल्यावर सिस्टिम रीसेट करावी लागते, जे कोणी करत नाही.

तोटे मोजायचे तर पहिला म्हणजे दणके. साइडवॉल ताठ असल्यामुळे खड्ड्याचा धक्का टायर कमी गिळतो आणि उरलेला तुमच्या कमरेला आणि रिमला मिळतो. टायर जडही असतो आणि महागही. आणि रिपेअरचं तर त्रांगडंच आहे, काही कंपन्या अटी घालून पंक्चर काढायला परवानगी देतात, काही नाहीच म्हणतात, कारण तो बिनहवेचा किती अंतर आणि किती वेगात चालला हे बाहेरून बघून कळत नाही आणि आतलं रबर खराब झालेलं असू शकतं. म्हणजे एका बारक्या खिळ्यापायी अख्खा टायर. वर आणखी एक, खड्ड्यात आपटून साइडवॉलला मोठा चीर गेला किंवा रिमच वाकली तर रन-फ्लॅटही हात टेकतो, मग बोलवा टो करणारा.

स्टेपनीकडे येतो. फुल साइझ स्टेपनी असेल, त्यातून बाकीच्या चार चाकांसारखीच असेल, तर माझ्या मते याच्यासारखं सुख नाही, चाक बदललं की विषय संपला, पुढचा प्रवास सुरू. पण बऱ्याच गाड्यांना बारीक, सायकलच्या चाकासारखी दिसणारी स्टेपनी येते, ती तात्पुरती असते, तिच्यावर ८० चा वेग लिहिलेला असतो, आणि तिच्यात हवा बहुतेक वेळा ६० पीएसआय लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. इथेच घोळ होतो. चार चाकांची हवा आपण चेक करतो, पाचवीला विसरतो, आणि गरज पडते तेव्हा ती निम्मी रिकामी. हवा भरायला गेलात की तिथेच डिकी उघडून तिचीही भरून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल आणि पुढचंच चाक पंक्चर असेल तर शक्य झाल्यास मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि बारीक स्टेपनी मागे लावा, कटकट आहे पण ओढ आणि स्टेअरिंगचं काम चांगल्या चाकांकडे राहतं. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत वेगळ्या मापाचं चाक फार अंतर चालवू नका, डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, ताण येतो.

स्टेपनी म्हातारी होते हेही लोकांच्या गावी नसतं. कधी वापरली नाही म्हणून नवीच आहे असं नाही, रबर पडून पडूनही कडक होतं. साइडवॉलवर DOT या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, समजा २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. दहा वर्षं झालेला टायर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, स्टेपनी धरून बदला असं मिशेलिनसारख्या कंपन्याच सांगतात. ज्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकलेली असते त्यांनी ती खाली उतरवून बघा, चिखलपाण्याने तिथली केबल आणि चरखी गंजून जाम होते आणि ते रस्त्यात कळणं म्हणजे शिक्षा. आणि अलॉय व्हीलला चोरीपासून बचावाचा लॉक नट असेल तर त्याची चावी कुठे आहे हे आत्ता उठून बघा. ती नसेल तर स्टेपनी, जॅक, पाना सगळं असून नसल्यासारखं.

बदलायची पद्धत सगळीकडे लिहिलेली आहे, मी दोनच गोष्टी सांगतो. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, गाडी उचलल्यावर जोर लावलात तर जॅक सरकतो. आणि नवीन चाक लावल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्या.

हल्ली मात्र बऱ्याच गाड्यांच्या डिकीत ना स्टेपनी ना काही, नुसता कंप्रेसर आणि एक बाटली. वजन वाचतं, जागा वाचते, कंपनीचे पैसेही वाचतात, ते कोणी सांगत नाही एवढंच. बाटलीतलं सीलंट रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक बुजवतं. साइडवॉलच्या चिरेला त्याचा काही उपयोग नाही. बाटलीवर एक्स्पायरी असते. आणि ते एकदा टायरमध्ये गेलं की आतला सगळा चिकट राडा साफ करताना टायरवाला तुम्हाला मनात काय म्हणतो ते विचारू नका. माझा सल्ला, बाटली शेवटचा उपाय ठेवा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला असेल तर हवा बहुतेक वेळा हळूहळूच जाते, अशा वेळी खिळा उपटू नका, कंप्रेसरने नुसती हवा भरा, सावकाश जवळच्या पंक्चरवाल्याकडे जा, लागली तर वाटेत परत भरा. गाडी कुठलीही असो, टायर कुठलेही असोत, हा छोटा कंप्रेसर मी आधी घ्यायला सांगेन.

राहिला फोन, म्हणजे रोडसाइड असिस्टन्स, गाडी रस्त्यात अडली की मदतीला येणारी सेवा. ब्रिटनची एए, म्हणजे ऑटोमोबाइल असोसिएशन, ही संस्था १९०५ साली सुरू झाली ती पोलिसांच्या वेग पकडण्याच्या सापळ्यांपासून गाडीवाल्यांना सावध करायला, बंद पडलेल्या गाड्यांना मदत नंतर आली, हे वाचून मला फार मजा वाटली होती. असो. असिस्टन्स आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एक समजून घ्या, पंक्चरसाठी येणारा माणूस बहुतेक ठिकाणी *तुमचीच* स्टेपनी तुम्हाला लावून देतो. स्टेपनी नसेल तर गाडी उचलून नेतो, आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट नेतो, वर्षातून किती वेळा येतो, कच्च्या रस्त्यावर येतो का, गाडीतल्या माणसांना पुढे पोचवायची सोय आहे का, हे सगळं त्या बारीक अक्षरांत असतं. मुदत संपलीय का तेही बघा, नव्या गाडीबरोबर मिळालेली सेवा गुपचूप संपते, कोणी आठवण करत नाही. आणि जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे ही सेवा तुमच्याकडे नाही असंच धरून चाला.

म्हणून रोज शहरात फिरणाऱ्याला, टायरची दुकानं हाताशी असणाऱ्याला रन-फ्लॅट किंवा नुसता कंप्रेसर-बाटलीचा किट आणि असिस्टन्स पुरतं असं माझं मत आहे, लांब आणि आडवाटेला जाणाऱ्याने मात्र डिकीतली जागा गेली तरी चालेल पण पाचवं चाक सोडू नये. रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकायचा विचार असेल तर आधी बघा की डिकीत स्टेपनीचा खड्डा तरी आहे का, बऱ्याच गाड्यांत तो नसतोच, मग चाक सामानासारखं बांधून न्यावं लागतं. चारही एकदम बदला, दोन असे दोन तसे करू नका, आणि वॉरंटीवाले, विमावाले काय म्हणतात ते लेखी विचारून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी तर टेस्ट ड्राइव्हलाच डिकी उघडून बघावी. बॅटरीमुळे जागा नसते म्हणून बहुतेकींना स्टेपनी येत नाही, गाडी जड असते, आणि काही टायरमध्ये आवाज कमी करायला आतून फोम चिकटवलेला असतो, तो कापून पंक्चर काढायचं काम सगळ्यांना जमत नाही. टो करायची वेळ आली तर यातल्या बऱ्याच गाड्या चाकं रस्त्यावर फिरवत ओढून नेता येत नाहीत, फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवरच चढवाव्या लागतात, तेव्हा असिस्टन्सवाल्याला फोनवर पहिल्याच वाक्यात गाडी इलेक्ट्रिक आहे हे सांगा, नाहीतर तासाभराने हुकवाली क्रेन येऊन उभी राहील आणि परत जाईल.