पांढरी तीनवरून काळी एक

बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवर, कालव्याच्या पुलावर, एक बाक आहे. पाठीवर चार जणांचे चेहरे. ऑफिसला जाताना मी रोज त्याच्यावरून जायचे, पण ते चौघं कोण हे कधी विचारलं नव्हतं. २०२५च्या जुलैमध्ये एका सकाळी तो बाक फुलांखाली दिसेनासा झाला होता. २२ जुलैला ऑझी ऑस्बोर्न गेले, इथल्याच 'ब्लॅक सॅबथ' या हेवी मेटल बँडचे गायक. बाकावरचे ते चौघं म्हणजे हाच बँड. त्याआधी जेमतेम अडीच आठवडे, ५ जुलैला, त्यांनी अ‍ॅस्टनमध्ये, जिथे ते वाढले तिथेच, व्हिला पार्कच्या मैदानावर खुर्चीत बसून निरोपाची गाणी म्हटली होती. साठीतली माणसं त्या बाकापाशी उभी राहून रडत होती. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ब्लॅक सॅबथ ऐकला.

खरं सांगते, पहिल्या पाच मिनिटांत बंद करावंसं वाटलं. आमच्या घरी रेडिओवर नाट्यगीतं आणि अभंग. हा आवाज जड, काळा, अंगावर येणारा. मग त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसले.

आयोमी तेव्हा १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. बँडबरोबर बाहेर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, कामाचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला, परत जायचं मनात नव्हतं. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. दुपारी त्याला सवय नसलेल्या प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच.

हे वाचून मी फोन खाली ठेवला. माझे अण्णा भोसरीत प्रेसवर होते. त्यांच्या उजव्या करंगळीचं शेवटचं पेर नाही. आम्ही भावंडं लहानपणी ते बोट धरूनच रस्ता ओलांडायचो.

आयोमीच्या कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यावर दोनच धड बोटांवर गिटार वाजवणारा माणूस तो. मग आयोमीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. जाड तारा दाबल्या की दुखायचं, म्हणून बारीक तारा चढवल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांना तारा आणखी ढिल्या केल्या. पेटीच्या भाषेत सांगायचं तर गिटारची सगळ्यात खालची तार पांढरी तीनवरून काळी एकवर उतरली. मला जो आवाज जड वाटला होता, त्यातला बराचसा जडपणा या उतरलेल्या तारांचा आहे. आज जगभरातली हेवी मेटलची पोरं त्याच वाटेने तारा उतरवतात.

तुम्हाला ऐकायचं असेल तर सॅबथचा १९७०चा 'पॅरानॉइड' अल्बम आधी घ्या, आणि हेडफोन लावून त्यांच्या बिल वॉर्डच्या ड्रमकडे लक्ष द्या. तो जॅझ ऐकत वाढलेला, त्याचा ठेका ताठ नाही, झुलतो. त्यानंतर डीप पर्पल हा बँड. त्यांचे जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन, म्हणजे विजेवर चालणारी मोठी पेटीच, गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचे. पेटीवर कान तयार झालेल्या आपल्या माणसांना तो बँड सगळ्यात लवकर जवळचा वाटेल असं माझं ठाम मत आहे. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम इथून जवळच्या रेडिचचा. १९८०मध्ये तो गेला आणि बाकीच्यांनी बँडच थांबवला. जुडास प्रीस्टही याच भागातले, दोन गिटारींची जुगलबंदी त्यांच्याकडे ऐकावी. आणि क्वीन ऐकताना आठवा, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत आपल्या पाचगणीला होता, पहिला बँडही तिथलाच.

गेल्या रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉलवर आयोमीचं वाजवणं दाखवलं. गाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. चष्मा वर करून बोटांकडेच बघत राहिले.

"टोप्या प्लास्टिकच्या म्हणालीस ना?"

"हो अण्णा."

"मग तार सरकेल गं. वरून काहीतरी लावलं असणार."

मी म्हटलं, चामडं लावायचा, जुन्या जाकिटाचं.

"हां," अण्णा म्हणाले. "परत लाव बघू ते."