आजीचं जातं

आज गोठा आवरताना कुटाराच्या ढिगामागं आजीचं जातं सापडलं. खुंटा सडलेला, टाकीच्या खुणा पार गुळगुळीत. तोंडात बोट घातलं तर ज्वारीचं जुनं पीठ, दगडासारखं घट्ट. माय म्हणाली, "इकून टाक ना, कायले ठेवतं?"

मी कवितेत 'कशाला' लिहितो, घरी 'कायले' बोलतो. आजीला सही येत नव्हती, पण दळताना तिची ओवी कधी अडली नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 13व्या शतकात मराठीतली आद्य कवयित्री महदंबेनं धवळे (लग्नातली गाणी) रचले, मी मात्र शब्द पुण्याहून उसने आणतो (छापूनही येतात, हे विशेष!).

जातं ओसरीत ठेवलं. रात्री वहीत पहिली ओळ 'कायले'नं सुरू केली. दुसरी अजून सुचली नाही. माय आतून विचारते, "बाभयीचा खुंटा पाहू काय रे?"