रक्त पातळ, मग दूध पण पातळ?

बाळ पंधरा दिवसांचं होतं तेव्हा माझा डावा पाय सुजला. पोटरी टणक, टेकवला तरी कळ, आणि घरात सगळ्यांचं एकच, बाळंतपणात होतं असं, गरम तेलाने चोळ. नशीब चोळलं नाही, कारण डॉप्लर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलं तर आत रक्ताची गुठळी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका सगळ्यात जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं.

पोटावर हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली, सोबत वॉरफरिनची गोळी, दोन्ही रक्त पातळ करणारी औषधं. गोळीला नीट काम करायला पाचेक दिवस तरी लागतात म्हणून तोवर दोन्ही. पोटावर निळे-जांभळे डाग, टोचलेली जागा चोळायची नाही म्हणे.

आई (सासूबाई) म्हणाल्या, "रक्त पातळ करायची गोळी ना गं? मग दूध पण पातळच येणार!" वर इथे बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका केमिस्टने सांगितलं, फीडिंग बंद करा, पावडरचं दूध लावा. झालं, दोन दिवस मी पंप करून दूध सिंकमध्ये ओतत होते आणि बाळ बाटली तोंडात धरेना, तो रडतोय मी पण रडतेय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई वैतागल्याच, "ओतलं कशाला? मला फोन नाही करायचा?" वॉरफरिन जवळजवळ ९९ टक्के रक्तातल्या प्रोटीनला चिकटून बसतं, दुधात उतरतच नाही म्हटलं तरी चालेल. हेपरिनचा रेणू इतका मोठा की दुधात जेमतेम जातो, आणि गेलाच तर बाळाच्या पोटात पचून जातो. आणि रक्त काही पाण्यासारखं होत नाही हो, फक्त गोठायला वेळ जास्त लागतो! बाळ पूर्ण दिवसांचं, जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन झालेलं, तर बिनधास्त पाज म्हणाल्या, फक्त अंगावर उगाच डाग किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच दाखव. नणंदेने "टेस्ट न लागणारी" नवी गोळी सुचवली होती, रिव्हारोक्साबॅन, पण ती दुधात उतरते म्हणून पाजताना सहसा देत नाहीत.

खरी कटकट दुधाची नाहीच, माझी होती. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा. कालनिर्णयावर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी माझे आकडे, १.४, १.९, २.३. मेथी-पालक बंद नाही, पण रोज साधारण तेवढंच, आज डोंगर आणि उद्या शून्य असं नको, कारण त्यातलं व्हिटॅमिन के गोळीच्या उलट काम करतं. कंबर दुखली तर पॅरासिटामॉल, तेही विचारून, डायक्लोफिनॅक अजिबात नाही. आणि वॉरफरिनवर दिवस राहिले तर गर्भाला धोका, शिवाय इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांनी गुठळी वाढते, म्हणून तांबीचं पण तेव्हाच ठरलं.

शेजारच्या गुजराती मासींनी कातलू पाठवलं होतं, बाळंतिणीला देतात ती बत्तीस वसाण्यांची (औषधी मसाल्यांची) मिठाई. एवढ्या औषधींतलं काय गोळीशी भांडेल कोण जाणे, म्हणून डबा तसाच ठेवला. मासींनी विचारलं, "भाव्युं?" (आवडलं का?) मी म्हटलं, "बहु सरस." नवऱ्याने चार दिवसांत संपवलं होतं.