निरीक्षकाचा रकाना : गच्चीवरील आकाशनिरीक्षणाची नऊ महिन्यांची नोंद (मार्च ते डिसेंबर 2020)

माझ्या निरीक्षणवहीत प्रत्येक पानावर सात रकाने आखलेले असतात : तारीख, वेळ, ठिकाण, साधन, आकाशाची स्थिती, नोंद आणि निरीक्षक. गेली अकरा वर्षे शेवटच्या रकान्यात माझ्याच नावाची आद्याक्षरे पडत होती, त्यामुळे तो रकाना मी केवळ सवयीने आखत असे. पुण्यात राहून हा छंद करणाऱ्यांना कारण ठाऊक आहे. शहराच्या प्रकाशात काही दिसत नाही म्हणून अमावस्येच्या आसपासचा शनिवार गाठायचा, दुर्बीण गाडीत घालायची, भोरच्या पुढे कुठेतरी अंधारात रात्र काढायची आणि रविवारी घरी येऊन झोपायचे. 26 डिसेंबर 2019 च्या कंकणाकृती ग्रहणासाठी मी दक्षिणेत जाऊन आलो, तेव्हाही घरच्यांच्या वाट्याला आली ती मोबाइलवरची छायाचित्रे. 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, कोरोनामुळे टाळेबंदी सुरू झाली आणि दुर्बीण, मी आणि घरातील बाकीचे तिघे एकाच छपराखाली अडकलो. त्यानंतरच्या नऊ महिन्यांची ही नोंद आहे. साधने तीच जुनी : 6 इंची, 1200 मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (आरशाची साधी दुर्बीण), 25 आणि 10 मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगे) आणि 10×50 ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर.

पहिले पंधरा-सोळा दिवस गच्ची मिळाली नाही. लोक एकत्र जमतील या धास्तीने सोसायटीच्या समितीने गच्चीला कुलूप लावले होते. तेव्हा राग आला होता, पण पश्चिमेची बाल्कनी हाताशी होती आणि त्या दिवसांत पश्चिमेला शुक्र होता. 24 मार्चला तो सूर्यापासून पूर्वेकडे जास्तीत जास्त दूर गेला होता, त्यामुळे सूर्यास्तानंतर तीन तासांहून अधिक काळ दिसत असे. 3 एप्रिलच्या संध्याकाळी तो कृत्तिकांच्या पुंजक्यात शिरला. शुक्र दर आठ वर्षांनी कृत्तिकांना असा भेटतो. पृथ्वीची 8 वर्षे आणि शुक्राच्या 13 प्रदक्षिणा जवळजवळ सारख्या भरतात, म्हणून तो आठ वर्षांनी त्याच तारखांना आकाशात त्याच जागी येतो. 2012 च्या भेटीच्या वेळी मी घाटावर एकटा होतो. या वेळी बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली वाकून चौघे पाळीपाळीने द्विनेत्रीतून पाहत होतो. माझी मुलगी तेव्हा नववीच्या उंबरठ्यावर होती. तिने वही मागून घेतली, नोंदीच्या रकान्यात कृत्तिकांचे चित्र काढले आणि निरीक्षकाच्या रकान्यात कोणालाही न विचारता स्वतःचे नाव घातले. त्या रकान्यातले माझ्याखेरीज पहिले नाव ते.

5 एप्रिलच्या रात्री 9 वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनाविषयी अनेक आकाशप्रेमींनी मोठ्या अपेक्षा बाळगल्या होत्या, म्हणून त्याची नोंद येथे करतो. निराशा झाली. रस्त्यावरचे दिवे चालूच होते, तीन दिवसांवर आलेल्या पौर्णिमेचा चंद्र चांगला वर आला होता आणि आसपास फटाकेही वाजले. टाळेबंदीत पुण्याचे आकाश काळेभोर झाले असे जे बोलले गेले, तेही माझ्या नोंदींना धरून नाही. प्रकाश तेवढाच होता, कमी झाली ती धूळ. गच्ची उघडल्यानंतर नुसत्या डोळ्यांनी कृत्तिकांचे पाच आणि एका रात्री सहा तारे मोजता आले, तर फेब्रुवारीत त्याच गच्चीवरून चारांपुढे मजल गेली नव्हती. फरक एवढाच, पण खरा.

10 एप्रिलनंतर समितीने एका वेळी एकाच कुटुंबाने जायचे या अटीवर किल्ली दिली. आम्ही शेवटच्या मजल्यावर राहत असल्याने रात्री साडेआठ ते साडेनऊ ही वेळ आम्हाला मिळाली. मृग नक्षत्र पश्चिमेला उतरू लागले होते. त्या हिवाळ्यात मृगातली तांबडी तारका काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, विलक्षण मंद झाली होती. फेब्रुवारीत मी तिची तुलना मृगातल्याच, एरवी तिच्याहून मंद असलेल्या बेलाट्रिक्सशी करत होतो, एवढी ती उतरली होती. एप्रिलमध्ये मी पत्नीला काही न सांगता विचारले की काक्षी जास्त तेजस्वी की रोहिणी. तिने बराच वेळ मान वळवून वळवून पाहिले आणि काक्षी म्हणून सांगितले. तारा सावरल्याची ती नोंद तिच्या नावावर आहे. प्रतीचा, म्हणजे तेजस्वितेचा, आकडा तिने दिला नाही. त्याऐवजी लिहिले : “रोहिणी थोडी चहासारखी, काक्षी तव्यावरच्या निखाऱ्यासारखी.” माझ्या अकरा वर्षांच्या नोंदींत रंगाचे इतके नेमके वर्णन एकदाही नाही.

आईचे वय पंच्याहत्तर. तिला गच्चीवर नेताना मला धाकधूक होती, कारण जिन्याच्या पंचवीस पायऱ्या चढाव्या लागतात आणि वर बसायला काही नव्हते. बाजूला पडलेली एक बाज मी दुरुस्त करून वर नेली. ती बाजेवर आडवी झाली आणि उत्तरेकडे बोट करून म्हणाली, “ही बघ म्हातारीची बाज, आणि हे तीन चोर.” सप्तर्षींची ही गोष्ट मी लहानपणी तिच्याकडूनच ऐकली असणार, पण उर्सा मेजरचे तारे नकाशावरून पाठ करताना ती कधी पुसली गेली ते कळलेही नाही. मृगाच्या पट्ट्याला ती तिकांडे म्हणते. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे तिच्या तोंडी पावसाची आहेत, ताऱ्यांची नाहीत. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र दिसतच नाही, हे तिला माहीत होते, पण तिने त्याचा असा विचार कधी केला नव्हता. “म्हणजे मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मृग सूर्याच्या मागे असतो तर,” असे ती स्वतःशीच म्हणाली आणि त्या रात्री मग कोणी फारसे बोलले नाही. मुंबईहून येणाऱ्या आकड्यांच्या बातम्या आम्ही सगळे दिवसभर ऐकत असू. त्या तासाभरात मोबाइल खालीच राहायचे. तसा नियम कोणी केला नव्हता, पडद्याच्या उजेडाने डोळे बिघडतात एवढेच कारण होते.

13 मेची नोंद दिवसाची आहे. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. दुसरा दिवस पावसाळ्यात जातो, म्हणून पाहण्याजोगा हाच. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा ओळंब्याने सरळ उभा केला, भोवती खडूने वर्तुळ आखले आणि 12 वाजून 20 मिनिटांपासून चौघे त्या वर्तुळाभोवती उकिडवे बसलो. 12 वाजून 31 मिनिटांच्या सुमारास सावली पाइपच्या बुडाखाली गेली. तापलेल्या फरशीने पत्नीची चप्पल चिकटली आणि पुढची पाच मिनिटे हसण्यात गेली, त्यामुळे सावली पुन्हा कधी बाहेर आली याची वेळ नोंदवायची राहिली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शुक्र झपाट्याने खाली उतरत होता आणि 48 पट विवर्धनात त्याची कोर लखलखीत दिसत होती. आईने आयपीसला डोळा लावून ती पाहिली, मग मान वर करून साध्या डोळ्यांनी पाहिले आणि पुन्हा आयपीसमध्ये डोकावली. शुक्राची चांदणी अशी कोरीसारखी असेल यावर तिचा विश्वास बसेना. चंद्राला कला असतात तशा शुक्रालाही असतात, तो आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येऊ लागला की त्याची उजेडाची बाजू आपल्याकडून वळते, हे मी समजावले. ती म्हणाली, “म्हणून का पंचांगात शुक्राचा अस्त लिहितात?” जवळजवळ तेच : तो सूर्याच्या इतका जवळ दिसू लागतो की त्याच्या तेजात हरवतो, तोच अस्त. 21 आणि 22 मेला बुधही त्याच्या शेजारी आला होता. 3 जूनला शुक्र सूर्याच्या दिशेला पोहोचला, तेव्हा आमच्याकडे ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा पाऊस होता आणि त्याला निरोप द्यायचा राहूनच गेला.

पावसाळ्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. 21 जूनच्या खंडग्रास ग्रहणात ढगांच्या फटीतून चार-पाच मिनिटे मिळाली. पिठाच्या चाळणीखाली फरशीवर शेकडो कोरी उमटल्या. वेध पाळणारी आई खालीच बसली होती, पण चाळणी माझ्या हाती तिनेच दिली, एवढे नमूद करतो. जुलैतील निओवाइज धूमकेतूच्या नावापुढे सलग तेरा वेळा “ढग” लिहिले आहे.

सप्टेंबरच्या 19 तारखेला मला ताप आला, 21 ला कोरोनाचा अहवाल आला आणि माझी रवानगी पूर्वेकडच्या खोलीत झाली. लक्षणे सौम्य असल्याने घरीच, लक्षणे सुरू झाल्यापासून 17 दिवस वेगळे राहायचे होते. दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवले जाई, ठेवणारी पावले दूर गेली की मी दार उघडत असे. चारच खोल्यांच्या घरात आईशी फोनवर बोलण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता. 22 च्या रात्री ढग फाटले आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागून मंगळ वर आला. 13 ऑक्टोबरला तो प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला, येणार होता, त्यामुळे गुरूच्या तोडीचा आणि तांबडालाल. मी मुलीला फोन केला. ती गच्चीवर होती आणि तिने तो कधीच पाहिला होता. टाकीच्या वर येण्याची तिची वेळ होती 8 वाजून 52 मिनिटे, माझी 9 वाजून 31. “बाबा, तुमच्याकडे मंगळ 39 मिनिटं उशिरा उगवतो,” ती म्हणाली.

पुढचे चौदा दिवस हा खेळ चालला. तिने कोनमापकाला शीतपेयाची नळी चिकटवून आणि दोऱ्याला नट बांधून दोन उंचीमापके केली. एक स्वतःजवळ ठेवले आणि दुसरे सकाळच्या चहाबरोबर स्टुलावर आले. टाकीची कड तिला गच्चीवरून 14 अंशांवर मिळाली, मला खिडकीतून 23 अंशांवर. दोन्ही ठिकाणच्या डोळ्यांच्या उंचीतला फरक एका मजल्याचा, म्हणजे 3 मीटर. त्यावरून तिने दोन इमारतींमधले अंतर काढले : 17 मीटर. नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती आहे हे मला तेव्हा कळले. मंगळ रोज किती लवकर येतो याचीही तिने यादी ठेवली. तारे दररोज सुमारे 4 मिनिटे लवकर उगवतात, पण वक्री असलेला मंगळ पश्चिमेकडे सरकत असल्याने तो 4 वरून हळूहळू 5 मिनिटांकडे जाऊ लागला. चौदांपैकी आठच रात्री स्वच्छ मिळाल्या, तरी हा कल तिच्या आकड्यांत उघड दिसतो.

त्या पंधरवड्याचे पान मी नंतर पाहिले. आकाशाच्या स्थितीशेजारी पत्नीने आणखी एक रकाना आखला होता आणि त्यात दिवसातून दोनदा माझ्या ऑक्सिजनचा आकडा लिहिला होता, 97, 96, 96, 95, 97, त्याच निळ्या शाईने आणि मंगळाच्या वेळेच्या अगदी बाजूला. 95 च्या पुढे एक छोटेसे टिंब आहे, पेन तिथे बराच वेळ टेकलेले असावे. मला दारापलीकडून तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच वाटला होता. 2 ऑक्टोबरला, अधिकाच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री, चंद्र मंगळाच्या जवळ उगवला. आईने खालूनच फोन केला आणि आम्ही दोघे, ती हॉलच्या खिडकीत आणि मी माझ्या, न बोलता फोन कानाला लावून पाहत राहिलो. बिल सात मिनिटांचे आले, आणि त्या नोंदीच्या वेळेच्या रकान्यात “7 मि.” असे मी तेव्हाच लिहून ठेवले.

बाहेर आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही आवारातून टेपने अंतर मोजले. ते 18 मीटर 20 सेंटीमीटर भरले. दोऱ्याच्या उंचीमापकाला एवढी चूक माफ आहे. ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांनी नळी अरुंद घ्यावी आणि दोरा वाऱ्याने हलणार नाही असा आडोसा पाहावा, आमची चूक बहुधा तिथेच झाली.

21 डिसेंबरच्या संध्याकाळी गुरू आणि शनी यांच्यात चंद्राच्या व्यासाच्या सुमारे पाचव्या भागाइतकेच अंतर होते. असे सान्निध्य याआधी 1623 मध्ये आले होते. नैऋत्येला फार खाली, आठच्या सुमारास मावळणारे, पण हवा स्थिर होती. 10 मिमीच्या आयपीसमध्ये, 120 पट विवर्धनाला, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी एकाच दृश्यात मावली. आई सर्वांत जास्त वेळ आयपीसपाशी होती आणि त्या दिवसाची नोंद तिनेच लिहिली आहे : “गुरू शनी एकत्र. शनीला कडे आहे, खरेच आहे. गार वारा. बाज वर आणायला हवी होती.”

नवी वही आणली आहे. मुलीने तिच्या शेवटच्या पानावर एक ओळ आगाऊ भरून ठेवली आहे : एप्रिल 2028, संध्याकाळ, पश्चिमेची बाल्कनी, द्विनेत्री, शुक्र आणि कृत्तिका. निरीक्षकाच्या रकान्यात चौघांची नावे आहेत. आकाशाच्या स्थितीचा रकाना तिने मोकळा सोडला आहे.