चेन धुणं सोपं, रॉकेल मिळवणं अवघड

सोलापुरातल्या होटगी रोडच्या धुळीत रोज मोटरसायकल घातली की चेन काळी पडणारच. करकर वाढली तेव्हा घरीच धुवायची ठरवलं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल स्पेअर पार्टच्या दुकानात लगेच मिळालं, जुना टूथब्रश घरात होताच. राहिलं फक्त रॉकेल.

तिथंच घोडं अडलं. रेशन दुकानदार हसलाच. "गॅसवाल्यांना कुठलं आलंय रॉकेल?" हार्डवेअरवाल्यानं थिनर पुढं केला, रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन. पंपावरचा पोरगा बाटलीत डिझेल देईना. आणि जो तो वर फुकटचा सल्ला देणार: "पेट्रोल मार की बे, चकाचक निघतंय!" नाही मारायचं. हल्लीच्या पुष्कळ चेनमध्ये कड्यांच्या सांध्यात रबरी ओ-रिंगा असतात. कारखान्यातच भरलेलं ग्रीस त्यांनी आत कोंडलेलं असतं. पेट्रोलनं, थिनरनं रबर खराब झालं की ते ग्रीस जातं, मग बाहेरून कितीही तेल ओता. पण हे मे महिन्याच्या उन्हात काउंटरवर उभं राहून कुणाकुणाला सांगायचं? तारेचा ब्रशही त्याच कारणानं नको.

शेवटी यंत्रमाग असलेले शेजारचे काका म्हणाले, "आमच्याकडं मशीनचे पार्ट धुवायला पांढरं रॉकेल असतंय की. आधी विचारायचं न्हाई का?" वर पुसायला टॉवेलच्या चिंध्याही दिल्या.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चाक हातानं फिरवत चेनवर रॉकेलचा ब्रश मारायचा आणि चिंधीनं कोरडं पुसायचं. इंजिन चालू ठेवून चेन फिरवणारे बहाद्दर मी पाहिलेत; चेनच्या दातेरी चक्रात, म्हणजे स्प्रॉकेटमध्ये, बोट गेलं तर तुटतंच. मग गिअर ऑइल चेनच्या खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडायचं, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या बाजूला पसरतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी जास्तीचं पुसा, नाहीतर ते रिमवर उडतं आणि धूळ आणखी चिकटते.

हो, टायर आणि ब्रेकवर आधी जुना पेपर लावा, हे वरच सांगायला हवं होतं. साधारण 500 किलोमीटरला तेल द्यायचं, पावसात भिजली तर लगेच. चेनचा ढिलेपणाही तेव्हाच बघून घ्या. बऱ्याच साध्या गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर चालतो, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघूनच नट आवळा.