बालसखी आठवतेय का कुणाला?

अभ्यासात मागं पडलेल्या पोरांसाठी नवीन स्कीम आली की मला ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची बालसखी आठवते. मुंबई-वडोदऱ्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळांत तिसरी-चौथीतली जी मुलं मागं राहिलेली त्यांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोनेक तास वेगळं घेऊन बसायची, पंधरा-वीस पोरं, वाचन आणि साधी गणितं, बस्स. २००१ ते २००३ मध्ये बॅनर्जी-डुफ्लो मंडळींनी (हो, तेच २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) हे मोजलं तर कच्च्या मुलांनाच जास्त फायदा झालेला. प्रोग्राम सुटल्यावर वर्षभरात तो बराचसा ओसरला, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही! आमच्याकडे अजून पोर्शन संपवायचीच घाई, पोरगा हातच्याच्या वजाबाकीला बोटं मोजतोय आणि फळ्यावर अपूर्णांक चाललेत. बाईंचा तरी काय दोष, वरून रिपोर्ट मागतात तो सिलॅबसचा, कोणाला वाचता येतं त्याचा नाही.